आमच्या घरचा पर्सियस

भिंतीवर काय आहे असं कुणी विचारलं, तर माणसानं ‘ओल’ असं सांगावं आणि विषय बदलावा. व्हेनिसमध्ये हे उत्तर कुणालाही पटतं. मी ते दिलं नाही. का दिलं नाही, ते आजही सांगता येत नाही. जीभ हा अवयव मेंदूच्या इतका जवळ असूनही त्या दोघांची ओळख कशी नसते, याचा अभ्यास पादुआच्या वैद्यांनी करायला हवा.

विचारणारे होते सेर फान्तिन. धान्याच्या सरकारी वखारीत आयुष्यभर कारकुनी करून घरी बसलेले गृहस्थ. त्या काळात त्यांनी धान्यापेक्षा लॅटिन जास्त साठवलं होतं. त्यांचा मुलगा पिएरो आमच्या ओर्सेत्ताला आवडला होता आणि ओर्सेत्ता पिएरोला. म्हणजे लग्नातला बिनमहत्त्वाचा भाग उरकला होता. राहिले होते दोन बाप.

आमच्या शहरात मुलीचं लग्न जमलं नाही तर तिला मठात पाठवतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्या दोन बहिणी मठात आहेत आणि जाळीआडून भेटतात तेव्हा माझ्यापेक्षा धष्टपुष्ट दिसतात. पण ओर्सेत्ताची गोष्ट वेगळी. ती हसली की कालव्यातली बदकं उडायची. ती जिन्यावरून उतरते आहे हे गल्लीच्या टोकाला कळायचं. अशा मुलीला मौनव्रताच्या मठात कोंडायचं म्हणजे मठावरही अन्यायच. तरी माझ्या बायकोनं, पास्क्वानं, तिथल्या माताजींशी बोलून ठेवलं होतं. सेन्साचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा, सण होईपर्यंत जागा राखून ठेवतो, असं त्या म्हणाल्या होत्या.

तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सेर फान्तिननी मला गाठलं.

“तुमचं रंगांचं दुकान. अख्ख्या शहराचे चित्रकार तुमच्याकडे येतात,” ते म्हणाले. “म्हणजे घरी चित्रं असतीलच. आमचं विद्येचं घर आहे, बोर्तोलोबुवा. प्राचीनांचा मान जिथे राखला जात नाही, तिथली सून मला चालायची नाही. तुमच्या दिवाणखान्यात काय आहे?”

आमच्या दिवाणखान्यात तळहाताएवढी मारियामाता होती आणि एक खिळा होता. खिळ्याला थंडीत सॉसेज टांगायचो.

“पर्सियस आहे,” मी म्हणालो.

हे नाव मी त्याच आठवड्यात दुकानात दोन चित्रकार भांडत असताना ऐकलं होतं. ऐकायला भारदस्त वाटलं होतं.

“पर्सियस!” सेर फान्तिननी माझा हात धरला. “आणि आंद्रोमेदा?”

“तीही आहे,” मी म्हणालो. म्हटलं, एकटा तरी कशाला राहील.

“प्रसंग कुठला?”

“मुख्य.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “सेन्साच्या दिवशी सहकुटुंब जेवायला येतो. आधी चित्र बघू, मग मुलांचं बोलू. चित्र बघितलं की घर कळतं.”

घरी येऊन पास्क्वाला सांगितलं. ती तारल्या साफ करत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही, एवढंच मला आठवतं.

“अहो, सॉसेज आहे असं सांगितलं असतंत तर निदान खरं तरी झालं असतं,” ती म्हणाली. “कोण हा पर्सियस?”

“ते चित्रकाराला विचारतो.”

आता चित्रकार म्हटलं तर माझ्या दुकानात रोज सगळे थोर लोक यायचे. पण थोर लोक सेन्सापर्यंत पायाचा अंगठाही रंगवून देत नाहीत. फुरसत होती ती फक्त वेत्तोरला. आमच्याकडे चित्रकाराला बापाच्या धंद्यावरून ओळखतात. वेत्तोरचा बाप चाळण्या करायचा, म्हणून तो ‘चाळणीवाला’. माणूस मनानं निर्मळ. आयुष्यभर त्यानं पेट्यांवर फुलं आणि ढालींवर सिंह रंगवले होते. त्याच्या सिंहांना बघून लोक “किती गोड बोकड” म्हणायचे.

“सोपी गोष्ट आहे, काका,” वेत्तोर म्हणाला. “या आंद्रोमेदा राजकन्येला समुद्राकाठी खडकाला साखळ्यांनी बांधलंय. तिला खायला समुद्रातून राक्षस येतोय. आणि वरून हा पर्सियस उडत येतोय, पायात पंखांच्या वहाणा घालून. तो राक्षसाला मारतो आणि तिच्याशी लग्न करतो.”

“लग्न करतो? मग शुभ आहे,” पास्क्वा म्हणाली. “तिच्या अंगावर काय असतं?”

“साखळ्या.”

“आणि?”

वेत्तोर खिडकीबाहेर बघू लागला.

आमच्या गल्लीची रुंदी एवढी, की समोरच्या खिडकीतून मेनेगामावशीनं हात लांब केला तर आमच्या ताटातला मासा तिला उचलता येईल. त्यामुळे घरातली बोलणी ही गल्लीतली बोलणी असतात. मेनेगामावशी खिडकीत आलीच.

“पास्क्वा! लग्नाच्या मुलीच्या घरात उघडी बाई टांगणार? मी जिवंत आहे तोवर नाही!”

“मावशी, ती पुराणातली आहे,” मी म्हणालो.

“पुराणात थंडी वाजत नव्हती का?”

खाली न्हावी तीता कुणाची तरी दाढी करत होता. त्यानं तिथूनच सांगितलं की बाई राहू दे, पण राक्षसाला खवले नीट हवेत. मागं एका चर्चमध्ये त्यानं बायबलातल्या योनाला गिळणारा मासा पाहिला होता, त्याला खवले उलट्या दिशेनं होते आणि त्याची श्रद्धा त्या दिवसापासून थोडी कमी झाली. साबण लावलेल्या गिऱ्हाइकानं या मताला मान हलवून पाठिंबा दिला आणि जरा रक्त काढून घेतलं. संध्याकाळी पाद्रीबाबा आले. ते म्हणाले, माझं ऐकाल तर संत जॉर्ज करा. घोडा घाला, राक्षस तोच, मुलगीही तीच, फक्त कपडे चढवा. सेर फान्तिनना सांगा, हाच तुमचा पर्सियस, बाप्तिस्मा झालेला.

शेवटी तडजोड झाली. आंद्रोमेदाच्या अंगावरून एक पातळसं वस्त्र वाऱ्यानं उडत जाईल, आणि वारा योग्य त्या जागी थांबेल.

पुढचा प्रश्न रंगांचा. इथे मी तज्ज्ञ होतो, म्हणून इथेच घोळ झाला. वेत्तोरला निळंभोर आकाश हवं होतं. निळा रंग म्हणजे लाजवर्द. तो मी कपाटात, कुलपात, पास्क्वाच्या मोत्यांच्या माळेशेजारी ठेवतो. उलट काजळीचे माझ्याकडे रांजण पडून होते, कारण त्या वर्षी कुणी मोठं माणूस मेलं नव्हतं आणि काळ्याला उठाव नव्हता.

“आकाशात वादळ आण,” मी म्हणालो.

“गोष्टीत वादळ नाहीये, काका.”

“राक्षस येतोय म्हटल्यावर हवामान बिघडणारच.”

तसंच खडक जंगालानं हिरवा झाला, कारण जंगालाच्या पुड्यांना दमट हवा लागली होती. हरताळ उरला होता म्हणून राक्षस पिवळा झाला. पुराणातला एवढा मोठा प्रसंग माझ्या दुकानातल्या न खपलेल्या मालाप्रमाणे ठरत गेला. थोरामोठ्यांच्या चित्रांचंही असंच होत असेल अशी मला शंका आहे, पण विचारायचं कुणाला?

मग चेहरे. पैसे देणाऱ्याचा चेहरा चित्रात कुठंतरी घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. देवाच्या चित्रात तो कोपऱ्यात गुडघे टेकून हात जोडतो. पण इथं कोपऱ्यात समुद्र होता.

“समुद्रात गुडघे टेकवले तर बुडालात असं दिसेल,” वेत्तोर म्हणाला. “तुम्हीच पर्सियस व्हा.”

मला हे आधीच सुचलं होतं, पण दुसऱ्यानं म्हणेपर्यंत थांबलो होतो.

उडणारा माणूस कसा दिसतो हे वेत्तोरला ठाऊक नव्हतं. त्यानं मला दुकानातल्या पोती उचलायच्या कप्पीला कमरेत दोर बांधून टांगलं. हातात तलवार म्हणून रंग ढवळायचा दांडा. मी आडवा तरंगत होतो, पोट खाली लोंबत होतं आणि चेहऱ्यावर शौर्य आणायचं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आमच्या धंद्यात दुकान बंद ठेवून चालत नाही.

“बोर्तोलो, हिंगूळ आहे का?” त्यानं विचारलं. मग वर बघितलं.

“वरच्या फळीवर आहे,” मी म्हणालो. “थांबा, मीच देतो. मी जवळ आहे.”

त्यानं हिंगूळ घेतला आणि बाहेर जाऊन अख्ख्या रियाल्तो बाजारात सांगितलं की रंगवाल्या बोर्तोलोला घरच्यांनी टांगलंय. संध्याकाळपर्यंत माझे दोन चुलते आणि एक वैद्य समाचाराला येऊन गेले.

आंद्रोमेदासाठी पास्क्वानं परकी बाई घरात येऊ दिली नाही, आणि घरातली बाई देणं शक्यच नव्हतं. शेवटी तीता न्हावी उभा राहिला. चित्रकार नेहमी असंच करतात, असं वेत्तोर म्हणाला. बाप्यांना उभं करून बाया काढायच्या आणि हवी तिथे थोडी भर घालायची. भर घातली गेली. पण पिंढऱ्या तीताच्याच राहिल्या. दिवसभर उभं राहून लोकांच्या दाढ्या करणाऱ्याच्या पिंढऱ्या त्या. तशा पिंढऱ्या असत्या तर आंद्रोमेदानं साखळ्या तोडून राक्षसाला लाथ घातली असती.

काम निम्म्यावर आलं तेव्हा चित्रकारांच्या संघाचे तपासनीस आले. उंच, सर्दी झालेले.

“वेत्तोरचा परवाना पेट्या, ढाली आणि मुखवट्यांचा,” ते म्हणाले. “हे काय आहे?”

“चित्र,” मी म्हणालो.

“ते दिसतंय. पेटी कुठं आहे?”

“पेटी नाही.”

“मग काम बंद.”

पास्क्वानं त्यांना गरम द्राक्षरस दिला. त्यांनी नाक पुसलं, चित्राला एक प्रदक्षिणा घातली आणि माणुसकीनं विचार केला.

“याला बिजागऱ्या लावा,” ते म्हणाले. “बिजागऱ्या असल्या की झाकण. झाकण म्हटलं की पेटीकाम. पेटीकाम म्हटलं की परवाना आहे.”

“आणि झाकणाखालची पेटी?”

“तो तुमचा घरगुती प्रश्न. संघ झाकणापुरतं बघतो.”

चौकटीच्या वरच्या अंगाला दोन लोखंडी बिजागऱ्या ठोकल्या गेल्या आणि त्यावर संघाचा शिक्का बसला : लग्नाच्या पेटीचं झाकण. त्या झाकणाच्या मापाची पेटी केली असती तर तिच्यात आमची गल्ली मावली असती, मेनेगामावशीसकट.

चित्र पुरं झालं. आणि मग लक्षात आलं की ते वाळत नाहीये.

तेलरंगाला वेळ लागतो हे मला कुणी शिकवायला नको. काजळी तर फारच सावकाश वाळते. पण दिवस गेले, आठवडे गेले, बोट लावलं की पर्सियस बोटावर यायचा. वेत्तोरला काही कळेना. मी चित्राजवळ नाक नेलं. मासे तळल्याचा वास आला.

“पास्क्वा,” मी म्हणालो, “वेत्तोरच्या भांड्यातलं तेल संपलं होतं तेव्हा...”

“मी भरलं ना,” ती म्हणाली. “बिचारा दोनदा मागत होता. तुम्ही दुकानात लटकत होतात.”

“कशातनं भरलंस?”

“माझ्या बुधल्यातनं. तारल्या तळल्यावर उरलं होतं ते. टाकून द्यायचं होतं का?”

मी खुर्चीवर बसलो. अक्रोडाचं तेल वाळतं. जवसाचं वाळतं. ऑलिव्हचं तेल वाळत नाही. आज नाही, उद्या नाही, शेवटच्या न्यायाच्या दिवशी सगळे मेलेले उठून उभे राहतील तेव्हाही ते ओलंच असेल.

“मग?” पास्क्वानं विचारलं.

“मग काही नाही,” मी म्हणालो. “आपला पर्सियस कायम ताजा राहील.”

मेनेगामावशी खिडकीतून म्हणाली, “उन्हात ठेवा की. माझे केस वाळतात, त्याला काय धाड भरलीय?”

आमच्याकडे प्रत्येक घराच्या छपरावर खांबांवर उभारलेली एक लाकडी गच्ची असते. बायका तिथे बिनमाथ्याची गवती टोपी घालून, केस काठावर पसरून बसतात. वर कसलं तरी औषध चोपडतात आणि ऊन लागलं की केस सोनेरी होतात. मेनेगामावशी विधवा होऊन जमाना झाला होता, पण तीही बसायची. केस सोनेरी असले तर नवऱ्याला स्वर्गातून ओळखता येईल, असं तिचं म्हणणं होतं. सेन्साच्या सकाळी ओर्सेत्ता आणि मावशी आमच्या गच्चीवर केस वाळवत होत्या. तिथेच आम्ही चित्र खिडकीतून बाहेर काढून दोरानं वर ओढलं आणि उन्हाकडे तोंड करून उभं केलं.

मला ठाऊक होतं की ते वाळणार नाही. पण जेवायला येणाऱ्या माणसापुढं काहीतरी केल्याचं समाधान लागतं.

वारा समुद्राकडून आला. पुराणातला पर्सियस उडाला तो ऐकीव. आमचा उडालेला मी डोळ्यांनी बघितला. चौकटीनं एक गिरकी घेतली, मावशीची टोपी सोबत घेतली आणि अख्खा प्रसंग, राक्षस, राजकन्या, मी, सगळे मिळून छपरांवरून निघालो. ओर्सेत्ता एका बिजागरीला लोंबकळून थोडी गेली, मग शहाण्यासारखी तिनं हात सोडला आणि तीताच्या गच्चीवर उतरली. चित्रानं घंटाघराला वळसा घातला. शपथेवर सांगतो, घातला. पाद्रीबाबा घंटा वाजवत होते, त्यांना आंद्रोमेदा खिडकीतून दिसली आणि त्यांनी ठोका चुकवला. मग वारा पडला आणि चित्र तोंडावर खाली कालव्यात आलं.

पाण्यात पडलं नाही. खालून गाद्यावाल्याची होडी चालली होती, हंसपिसांनी काठोकाठ भरलेली.

आम्ही ते उचलून सुलटं केलं, तर सगळ्या ओल्या रंगाला पिसं चिकटली होती. एकही जागा रिकामी नव्हती. मी डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा शुभ्र आणि फुगीर झालो होतो. राक्षस एखाद्या मोठ्या, रागावलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. आंद्रोमेदाच्या पिंढऱ्यांवर लव उगवली होती, त्यामुळे त्या आता पूर्णपणे तीताच्या झाल्या होत्या.

“उपटूया,” पास्क्वा म्हणाली.

“नको, काकू,” वेत्तोर रडत म्हणाला. “पिसासोबत खालचा माणूस येईल.”

चित्र भिंतीवर चढतंय तोवर खाली सेर फान्तिनची होडी लागली.

ते वर आले. मागे त्यांच्या पत्नी समारितानाबाई, मागे पिएरो. ओर्सेत्ता दाराशी उभी होती. केस अर्धे सोनेरी, अर्धे जसेच्या तसे. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, की ही हसत नाहीये. घरात इतकी शांतता कधी नव्हती. मठात अशीच असेल, असं वाटून गेलं.

सेर फान्तिन चित्रापुढे उभे राहिले. एक पीस सुटून तरंगत खाली आलं. त्यांनी ते पडताना पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढं माताजी उभ्या राहिल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

“पिसं,” सेर फान्तिन म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. नाकारायला वाव नव्हता.

“सर्वांगाला!”

“हो.”

ते गर्रकन वळले. डोळ्यांत पाणी होतं.

“अर्धवट शिकलेले लोक म्हणतात, पर्सियसच्या फक्त वहाणांना पंख होते. वहाणा! जणू काही हा चांभाराचा प्रश्न आहे! पण ज्याला वेग कळतो, बोर्तोलोबुवा, त्याला कळतं की उडणारा माणूस सगळाच पंख होतो. आणि त्याच्या वेगानं भोवतालचंही सगळं... अहाहा. राक्षससुद्धा! कुणाचा विचार हा?”

“घरातल्या घरातच झाला,” मी म्हणालो.

“आणि समुद्राचा वास येतोय! खराखुरा! माशांचा!”

पास्क्वानं पदराशी चाळा केला.

समारितानाबाई मात्र व्यवहारी. त्या पुढे वाकून म्हणाल्या, “या पोरीच्या पिंढऱ्या अशा का?”

पाहुणा म्हणून आलेल्या तीतानं पाय खुर्चीखाली घेतले.

“ती इथिओपियाची राजकन्या आहे,” सेर फान्तिन करड्या आवाजात म्हणाले. “खडकांत वाढलेली.”

“न्हाव्यासारखी दिसते,” समारितानाबाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

मटारभात निवत होता, पण सेर फान्तिन चित्रापासून हलेनात. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला आणि त्यांना बिजागऱ्या लागल्या. मग शिक्का. शिक्का त्यांनी दोनदा वाचला.

“लग्नाच्या पेटीचं झाकण,” ते म्हणाले. “म्हणजे हे रुखवतातलं आहे! पेटी मुलीबरोबर जाते. बोर्तोलोबुवा, तुम्ही हे ओर्सेत्तासाठी केलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत. ठरलं! चित्र आमच्या घरी, मुलगी आमच्या घरी.”

इथं कुठल्याही बापानं टाळी दिली असती. मी वर बघितलं. पिसांतून माझा चेहरा डोकावत होता. हनुवटी वर, नजर शत्रूवर. घरात इतकी वर्षं मी राहिलो, पण असं कुणी मला बघितलं नव्हतं. दुकानात मी गल्ल्यामागे असतो, चर्चमध्ये खांबामागे, घरात पास्क्वामागे. पहिल्यांदाच मी कशाच्या तरी पुढे होतो.

“चित्र नाही मिळायचं,” मी म्हणालो.

तीताच्या घशात भात अडकला. पिएरोनं ओर्सेत्ताकडे पाहिलं. ओर्सेत्तानं माझ्याकडे.

“मग मुलगीही राहू द्या,” सेर फान्तिन थंडपणे म्हणाले आणि त्यांनी टोपी उचलली.

“अहो, यांचं मनावर घेऊ नका,” पास्क्वा म्हणाली. “कप्पीला टांगल्यापासून यांच्या डोक्यात रक्त उतरलंय. जरा आत या हो तुम्ही.”

आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिनं दार लोटलं.

“भिंतीवर पोट राहिलं पाहिजे आणि पोरगी जाळीमागे गेली तरी चालेल. असंच ना?”

“तो मी आहे, पास्क्वा.”

“तो तुम्ही नाही. तो तळलेल्या तेलातला माणूस आहे. तुम्ही हे, इथे, माझ्यापुढे उभे. आणि मला हेच पुरेत.”

इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याबद्दल याहून बरं कधी बोलली नव्हती. नंतरही बोलली नाही. मी खिडकीशी गेलो. मेनेगामावशी डोक्याला फडकं बांधून तिच्या खिडकीत बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे सगळं ऐकत होती. “देऊन टाक रे, मेल्या,” ती हळूच म्हणाली.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, “चित्र दिवाणखान्यात लावायचं, जिन्यात नाही. एवढीच अट.”

ओर्सेत्ता तेव्हा हसली. कालव्यावर बदकं उडाली, समारितानाबाईंच्या हातातला पेला सांडला, आणि सेर फान्तिन म्हणाले, “हे घरात रोज होणार आहे का?” पिएरो म्हणाला, “हो, बाबा,” आणि तोही हसायला लागला.

लग्न झालं. चित्र ओर्सेत्ताच्या आधी तिच्या सासरी पोचलं. मी कार्निव्हलच्या दिवसांत पहिल्यांदा तिकडे गेलो, नवा कोट घालून, स्वतःला भेटायला. चित्र दिवाणखान्यात होतं, शब्द पाळला होता. पर्सियस होता. पोट माझं होतं, दांडा माझा होता. पण चेहरा सेर फान्तिनचा होता.

चित्र ज्याच्या घरी, चेहरा त्याचा. रीतच आहे. त्यांच्यावर राग धरावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून मी वेत्तोरवर धरला. तो माझ्या दुकानात आला तेव्हा हात चोळत उभा राहिला.

“काका, काय करू? त्यांनी बोलावलं. मी चेहऱ्यावर नुसतं फडकं फिरवलं हो, एकदाच. तुम्ही लगेच गेलात.”

“आणि त्यांना कशात रंगवलंस?”

“अक्रोडाच्या तेलात. त्यांनी स्वतः बाटली आणून दिली. इथूनच, तुमच्याकडूनच घेतली होती.”

मी त्याच वेळी मनात म्हटलं, बोर्तोलो, गप्प बस आणि वाट बघ. रंगांच्या धंद्यात घाई करणारा माणूस टिकत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्यात पिसं खाली सरकली. मग ढग. ज्यात तारल्या तळल्या होत्या ते तेल, व्हेनिसच्या उकाड्यात ते किती दिवस भिंतीला धरून राहणार? सगळा प्रसंग हळूहळू, कुणालाही न दुखवता, खाली उतरायला लागला. हलला नाही तो फक्त चेहरा. अक्रोडाच्या तेलातला, कडकडीत वाळलेला, जिथल्या तिथे. सेर फान्तिन पाहुण्यांना त्यावर वेगवेगळी व्याख्यानं द्यायचे. आधी आत्म्याच्या स्वातंत्र्यावर, पुढे वैराग्यावर. शेवटी शेवटी ते पाहुण्यांना चित्राकडे पाठ करून बसवत.

मागच्या सेन्साला गेलो तेव्हा ते वर काळ्या आकाशात एकटेच होते, मानेखाली काही नाही, नजर शत्रूवर. धड केव्हाच खाली गेलं होतं. समुद्र ओलांडून, राक्षसाला बाजूला सारून, ते बरोबर खडकावर आंद्रोमेदाच्या पायांशी येऊन टेकलं होतं, पोटासकट. ओर्सेत्ता तान्हं पोर कडेवर घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. सासरे खालच्या मजल्यावर होते म्हणून तिनं आवाज दाबला होता, म्हणजे तो फक्त शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला असेल.

“बाबा,” ती म्हणाली, “मामंजी अजून शौर्यच दाखवतायत. पोरीजवळ पोचलात ते तुम्हीच.”